ओवरीचे कुलूप



चातुर्मासातील निरूपणात यंदा श्रीमद्भागवताच्या नवव्या स्कंधातील रंतिदेवाचे आख्यान निघाले होते. आरतीची वेळ झाली आणि उत्तररंग अर्धाच राहिला. जे बोलावयाचे राहिले ते पत्रिकेच्या या अंकात आपणापुढे ठेवीत आहे. खरे सांगावयाचे तर वेळ नव्हता हे एक कारण, आणि ते समोरासमोर बोलण्याचे धैर्य मला झाले नाही, हे दुसरे.

कथा आपणांस ठाऊक आहे. रंतिदेव राजा सहकुटुंब अठ्ठेचाळीस दिवस निराहार राहिला. पाण्याचा थेंबही पोटात नव्हता. एकोणपन्नासाव्या दिवशी सकाळी थोडे तूप, खीर, सांजा आणि पाणी प्राप्त झाले. घास घेणार तोच अतिथी आला, ब्राह्मण होता. त्यास वाटा दिला. मग शूद्र आला. मग कुत्री बरोबर घेतलेला एक मनुष्य आला, त्याने कुत्र्यांसाठीही मागितले. उरले केवळ एकाला पुरेल इतके पाणी. ते तोंडी लावणार एवढ्यात तहानेने व्याकुळ झालेला पुल्कस दारी उभा राहिला. राजाने ते पाणी त्यास दिले, आणि अष्टसिद्धी नकोत, मोक्षही नको, सर्व प्राण्यांच्या अंतरी राहून त्यांचे दुःख मजकडे यावे, एवढेच मागितले.

आम्ही कथेकरी मंडळी येथे राजाच्या वैराग्याचे वर्णन करतो आणि पुढे जातो. मला मात्र यंदा कथा वाचताना एका निराळ्याच गोष्टीने थांबविले. चौघांपैकी एकालाही राजाने तू कोण, कोठला, तुझ्याजवळ कोणाची चिठ्ठी आहे, असे विचारलेले नाही.

आता आख्यानातून आपल्या काळात येऊ. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. बेघर कोणास म्हणावे, हे तिने नेमके सांगितले आहे: जे उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, मोठ्या नळांत, पुलांखाली, जिन्यांखाली, रेल्वेच्या फलाटावर, आणि प्रार्थनास्थळांच्या आवारात व मंडपांत राहतात ते. सरकारी व्याख्येत देवळाचा मंडप आला आहे, याचा आपण अभिमान बाळगावा की लाज, ते मी आपणांवर सोपवितो. त्या रात्री देशात १७ लाखांवर आणि आपल्या मध्यप्रदेशात सुमारे १ लाख ४६ हजार माणसे अशी मोजली गेली.

परंतु या आकड्यात न आलेले बेघर आपण रोज पाहतो. आपले राज्य खेड्यांचे आहे; त्याच जनगणनेप्रमाणे शंभरांतील बहात्तर माणसे खेड्यात राहतात. मोठे रुग्णालय मात्र इंदुरात. अलीराजपूर, झाबुआ, बडवानी, खरगोन येथील मनुष्याला गावी झोपडी आहे, शेताचा तुकडा आहे, दारात कोंबडी आहे. तो कागदोपत्री बेघर नव्हे. पण बायकोला किंवा पोराला येथे भरती केले की त्या रात्रीपासून तो बेघर होतो. वॉर्डात रुग्णाला खाट मिळते; सोबत आलेल्याला मिळते रुग्णालयाच्या भिंतीची सावली. तीन दिवसांचे काम तीन आठवड्यांवर जाते. गाठीचा पैसा चहात आणि गाडीभाड्यात संपतो. मजुरी बुडते. मग रुग्ण पुरता बरा होण्याआधीच दोघे परत निघतात, आणि डॉक्टर म्हणतात की या लोकांना उपचार अर्धवट टाकण्याची खोड आहे.

यांतील पुष्कळांचे दुखणेही पोटामागे धावताना लागलेले असते. अलीराजपूर, झाबुआ आणि धारकडचे शेकडो भिल्ल मजूर गुजरातेत गोध्र्याच्या बाजूला गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामास गेले. ती बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही. क्षयाशी त्याची गल्लत होऊन वर्षानुवर्षे भलताच इलाज चालतो. अशा २३८ मृतांच्या कुटुंबांस प्रत्येकी तीन लाख रुपये देण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले. फुप्फुस कोण परत देणार?

सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे असत्य होईल, आणि या पानावर असत्य नको. २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या आयुष्मान योजनेत गरीब कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचार विनामूल्य आहेत. ग्रामीण यादीत तर निवारा नसलेली कुटुंबे व भिक्षेवर जगणारे आपोआप पात्र धरले आहेत. क्षयाची औषधे फुकट मिळतात; आहारासाठी महिना पाचशे रुपये मिळत, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार झाले. शहरांत दर लाख वस्तीमागे किमान शंभर माणसांचा एक निवारा असावा, असा २०१३ च्या नागरी उपजीविका अभियानाचा दंडक होता. शब्द चांगले आहेत. पण पाच लाखांच्या योजनेला कार्ड लागते, कार्डाला ओळखपत्र लागते, आणि हजार रुपये बँकेच्या खात्यात येतात. ज्याचे बोचके रात्री फलाटावरून चोरीस गेले, त्याने कोणत्या खिडकीवर उभे राहावे? क्षयाचे औषध साधारण सहा महिने न चुकता घ्यावे लागते. मधुमेहाचे इन्सुलिन थंड जागी ठेवावे लागते; घरी शीतपेटी नसली तरी मडक्यात भागते, पण मडके ठेवण्यापुरती तरी जागा हवी ना! पाय मोडलेल्यास सहा आठवडे टेकू नको म्हणून सांगतात, आणि सुटीचा कागद हाती देतात. तो कोठे न टेकता बसणार? याचसाठी म्हणतो की छप्पर हाही औषधाचाच एक भाग आहे, आणि तो चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही.

२०२१ च्या जानेवारीअखेरची गोष्ट आपण विसरला नसाल. कडाक्याच्या थंडीत महापालिकेच्या माणसांनी शहरातील निराधार वृद्धांना गाडीत घालून देवास रस्त्यावर क्षिप्रेजवळ नेऊन उतरविले. गावकऱ्यांनी अडविले, तेव्हा त्यांस पुन्हा गाडीत चढविण्यात आले. अधिकारी निलंबित झाले, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी खजराण्याच्या गणपतीसमोर जाऊन क्षमा मागितली. त्या वेळी मी याच मंदिरात त्यावर फार कठोर बोललो होतो. आपण टाळ्याही वाजविल्या होत्या.

त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात, पौषातील एका सायंकाळी, निमाडकडचा एक मनुष्य आपल्या दीपमाळेपाशी आला. बायको रुग्णालयात होती. दादा, ओवरीत दोन रात्री पडू द्या, म्हणाला. मी ओळखपत्र विचारले. ते बायकोच्या कागदांबरोबर वॉर्डात होते. ओवरीत उत्सवाचा मांडव आणि सतरंज्या रचलेल्या, बाहेर कुलूप, किल्ली माझ्याच कमरेला. मी त्यास एका धर्मशाळेचा रस्ता दाखविला. ती भरलेली असते हे मला माहीत होते. तो नमस्कार करून गेला. मी आत जाऊन हरिपाठास बसलो. मी त्यास गाडीत घातले नाही, एवढेच. पुढे त्याचे काय झाले ते मला कधी कळले नाही.

ओवरी म्हणजे अडगळीची खोली नव्हे. वाटसरूने पाठ टेकावी म्हणूनच देवळाभोवती ओवऱ्या काढल्या. आपण ज्यांच्या नगरीत राहतो त्या अहिल्याबाईंनी देशभर मंदिरांबरोबर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. मूर्तीची सोय पाहिली, तशी चालून थकलेल्या पायांचीही पाहिली. गाडगे महाराजांनी तर देऊळ न बांधता धर्मशाळाच बांधल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही दूरदूरचे कर्करोगी आणि त्यांचे सोबती उतरतात. पूर्वी यात्रेकरू काशीला जाई. आताचा यात्रेकरू रुग्णालयाला जातो.

आक्षेप मी ऐकले आहेत. सोवळ्याचे काय, असे एका वृद्ध सभासदांनी विचारले. रंतिदेवाने शेवटचे पाणी कोणाला दिले ते वर लिहिले आहे. याहून अधिक उत्तर मजजवळ नाही. चोरीची भीती दुसऱ्यांनी दाखविली. आजवर आपल्या ओवरीतून महाप्रसादाचे एक मोठे पातेले तेवढे नाहीसे झाले आहे, आणि ते कोणाच्या घरी आहे हे आपणा सर्वांस माहीत आहे. सतरंज्या कोठे ठेवाव्यात, हा तिसरा प्रश्न मात्र खरा आहे. त्या माझ्या पडवीत राहतील.

उत्तरेकडील दोन ओवऱ्या कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत रुग्णांच्या सोबत्यांसाठी मोकळ्या कराव्यात, असा ठराव मी कार्तिकी एकादशीच्या सभेत मांडणार आहे. आठ माणसे निजतील. दोन माठ, सकाळी ऊन पाणी, आणि एक वही. वहीत माणूस आपल्या तोंडाने सांगेल तेच नाव लिहावयाचे. सभासदांत तिघे डॉक्टर आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी, आणि कार्ड काढून देण्याच्या खटपटीसाठी कचेरीतून निवृत्त झालेल्यांपैकी कोणी दोघांनी पुढे यावे. अर्ज कोणत्या खिडकीवर अडतो, हे त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार!

सभेपर्यंत किल्ली माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी सात वाजता मांडवाचे बांबू हलवावयाचे आहेत. चार तरुण हात हवेत.