चार ढेकणांसाठी बाटलीभर विष

कोरफडीच्या पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की आपल्याकडे दोन निदानं ठरलेली. एक, कुणाची तरी दृष्ट लागली. दोन, काहीतरी जालीम मारायला हवं. पहिल्या निदानाला हसणारी शिकलीसवरलेली माणसं दुसऱ्याला शास्त्र समजतात. मला दोन्ही एकाच माळेचे मणी वाटतात. झाडाजवळ जाऊन, पान बाजूला सारून बघण्याचे कष्ट दोन्हींत नाहीत.

बघितलं तर काय दिसतं? तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तांदळाच्या कणीएवढा, मऊ, अंगावर मेणचट भुकटी. सोंड पानात खुपसून तो रस ओढत बसतो. मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते आणि त्यांतून निघालेली फिकट पिल्लं पानांच्या अगदी आतल्या खोबणीत जाऊन दडतात. नको असलेला गोड रस तो मागून टाकतो. म्हणून पान चिकट लागतं, त्यावर काजळी धरते, मुंग्यांची रांग लागते. मुंग्या नुसत्या गोडासाठी येऊन जात नाहीत, त्या ढेकणांची राखणही करतात. त्यांना खायला आलेल्या किड्यांना हुसकावून लावतात. तेव्हा कोरफडीवर मुंग्या दिसल्या की आधी बेचकी तपासावी.

अंगावर मेण असल्यामुळे वरवरचा फवारा ओघळून जातो. ढेकूण मरत नाहीत, मग आणखी कडक काहीतरी मागितलं जातं. एखादा नर्सरीवाला शीतपेयाच्या जुन्या बाटलीत दुधाळ द्रव ओतून देतो, ‘एक झाकण लिटरभर पाण्यात’ एवढं सांगतो, आणि आपण आभार मानून घरी येतो. 1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार लेबल नसलेलं कीटकनाशक विकताच येत नाही. मूळ डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. आपल्या बाटलीवर ना त्रिकोण, ना नाव. उद्या पोरानं ती तोंडाला लावली तर डॉक्टरला काय सांगणार? 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं माध्यान्ह भोजन खाऊन 23 मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं होतं. शेतातलं विष घरातल्या भांड्याबाटल्यांपर्यंत आलं की काय होतं, ते यापुढे कुणाला वेगळं पटवून द्यावं लागू नये.

आणि ते फवारतो कोण? बहुतेक वेळा सोसायटीचा माळी, नाहीतर कामाला येणाऱ्या मावशी. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. आपण हळहळलो, कंपन्यांवर चिडलो, सरकारवर चिडलो. चिडायलाच हवं होतं. पण हातमोजे नाहीत, तोंडाला रुमाल नाही अशा माळ्याच्या हाती पंप देऊन आपण बाल्कनीचं दार आतून लावून घेतो, तेव्हा ती हळहळ कुठे जाते? त्या शेतकऱ्याच्या मानेवर कर्ज होतं, हातचं पीक जाण्याचं भय होतं. आपलं काय अडलेलं असतं? एक शोभेची कुंडी! कोरफडीच्या बाबतीत तर मूर्खपणाचीही कमाल होते. आंतरप्रवाही कीटकनाशक झाडाच्या रसात भिनतं, आणि त्याच पानाचा गर रविवारी लेकीच्या केसांना चोळायचा असतो.

काम खरं तर बोटांचं आहे. सर्जिकल स्पिरिटमध्ये कापसाची काडी बुडवून एकेक ढेकूण टिपला की मेण विरघळतं आणि तो जागीच मरतो. खोल बेचक्यासाठी बारीक टोकाचा जुना ब्रश चालतो. आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबावं, कारण काही जाड पानांच्या झाडांवरची नैसर्गिक पांढुरकी साय स्पिरिटने, साबणाच्या पाण्याने, निंबोळी तेलानेही निघते आणि मग ऊन लागून पान भाजतं. एकदा करून भागत नाही. अंडी राहिलेली असतात, म्हणून आठवड्याने पुन्हा, मग पुन्हा. नेमका हाच भाग लोकांना नको असतो. सगळ्यांना एका फवाऱ्यात मोकळं व्हायचंय. ढेकूण पुरते जाईपर्यंत कुंडी इतर झाडांपासून लांब ठेवावी. रोज पाणी आणि वर भरपूर खत घालून मऊ, रसाळ केलेली कोरफड ढेकणांना आवतणच असतं, तेव्हा माती पूर्ण सुकेपर्यंत झारीला हात लावू नये.

किडा दिसला की तो शत्रूच, ही समजूतही सोडायला हवी. माजलेल्या फड्या निवडुंगाला आवर घालायला 1926 मध्ये श्रीलंकेतून भारतात एक कीड मुद्दाम आणून सोडली होती, ती पिठ्या ढेकणाचीच चुलत बहीण. आणि खुद्द पिठ्या ढेकणाला खाणारा क्रिप्टोलिमस हा ढालकिडा द्राक्षबागांत सोडायची शिफारस तज्ज्ञ करतात. ज्यांचं पोट बागेवर आहे ते पैसे मोजून किडे आणतात. आपण मात्र बाल्कनीत आपणहून आलेला ढालकिडा ढेकणांसकट मारून टाकतो.

कोरफडीसारख्याच जाड पानांच्या जेड या झाडाचं दुखणं आणखी वेगळं. ते पैशाचं झाड आहे, ते मेलं तर लक्ष्मी जाते, असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं असतं. म्हणून मुळांपर्यंत ढेकूण गेलेली कुंडीही फेकवत नाही, आणि तिच्यावर विषाचे प्रयोग चालू राहतात. मुळांशी पांढरी भुकटी दिसली, खोडं पोकळ झाली, की निरोगी शेंडे तेवढे कापावेत, पुसावेत, चार-पाच दिवस सावलीत ठेवून काप सुकू द्यावा आणि कोरड्या, भुसभुशीत मातीत खोचावेत. जेड रुजायला मोठं चिवट असतं. उरलेलं झाड मातीसकट पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाकावं. ‘कुणीतरी नेईल’ म्हणून जिन्यात ठेवू नये. शेजारणीच्या कुंड्या तिथेच असतात.