कोणास काय म्हणावे?



मागील वर्षी एका खेड्यातील मंडळीत उपासना चालविण्याचा प्रसंग आला. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या एका कुटुंबाची ओळख करून देताना मी म्हणालो, "हे मांगवाड्यातील आपले नवे बंधू." हेतू प्रेमाचा होता. उपासना संपल्यावर त्या घरचे वृद्ध गृहस्थ जवळ आले व नम्रपणे म्हणाले, "पाळकसाहेब, बंधू म्हणालात तेवढं पुरे होतं. वाड्याचं नाव कशाला घेतलंत?" मजजवळ उत्तर नव्हते.

मी खोटे काही बोललो नव्हतो. परंतु एखाद्या मनुष्याविषयी दहा गोष्टी खऱ्या असतात. त्यांतून कोणती पुढे करावयाची, हे बोलणारा ठरवितो. ह्या गृहस्थांनी मोलमजुरी करून तीन मुली शिकविल्या होत्या. ते मला ठाऊक होते, तरी जिभेवर आला तो वाडा.

ह्याच पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात असताना, महात्मा गांधींनी १९३३ सालच्या फेब्रुवारीत 'हरिजन' हे साप्ताहिक सुरू करविले. अस्पृश्य ह्या शब्दातील दंश काढावा, ह्या सद्हेतूने त्यांनी हे गोड नाव स्वीकारले होते, व ते आपणांस एका अस्पृश्य बंधूनेच सुचविले असे ते सांगत. तरीपण १९३८ सालच्या जानेवारीत मुंबईच्या विधानसभेत हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा डॉक्टर आंबेडकर व त्यांच्या पक्षाचे सभासद विरोध करून सभागृहाबाहेर निघून गेले. गोड शब्दाचा एवढा राग का यावा? मला वाटते, तो शब्द वरून खाली दिलेला होता. पाणवठा बंद तो बंदच, आणि नाव मात्र देवाचे! शिवाय हे हरीचे जन, तर बाकीचे कोणाचे?

आता दुसरा शब्द पाहा. 'दलित' म्हणजे तुडविलेला, चिरडलेला. ह्यात गोडवा कसला? पण १९७२ साली मुंबईत काही तरुणांनी 'दलित पँथर' काढली, तेव्हा हा कठोर शब्द त्यांनी मान ताठ ठेवून मिरविला, कारण तो त्यांनी स्वतः उचलला होता. तोही सर्वांस रुचतो असे नाही; कित्येक बौद्ध बांधव आपणांस बौद्ध एवढेच म्हणवितात, आणि आपल्यांतील कित्येकांस ख्रिस्ती एवढेच पुरेसे वाटते. मग कोशात पाहून हे ठरणार कसे? त्या मनुष्यासच विचारावे लागते, आणि विचारण्याचीच आपणांस सवय नाही.

सन २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. ठीकच झाले. परंतु पाटी रंगविणे सोपे. मंडळीच्या बैठकीत "ते तिकडचे लोक" असे जे सहज निघून जाते, त्यावर सरकारचा रंग चढत नाही. (ही गोष्ट पाळकांनी प्रथम आपणांस लावून घ्यावी. अहवाल लिहिताना 'गरीब', 'अज्ञानी', 'मागासलेले' हे शब्द आमच्या लेखणीतून फार सुलभपणे उतरतात, विशेषतः वर्गणी मागावयाची असली म्हणजे.)

सभास्थानातील ती कुबडी स्त्री आठवा. अठरा वर्षे गाव तिला तिच्या पाठीवरून ओळखत होते. प्रभूने तिला अब्राहामाची कन्या म्हटले. तीही खरीच गोष्ट होती. पण तोवर ती कोणी उच्चारली नव्हती.

पुढल्या खेपेस त्या गावी गेलो तेव्हा मंडळीची नोंदवही घेऊन मी त्या वृद्ध गृहस्थांकडे गेलो आणि विचारले, "आपले नाव कसे लिहू?" त्यांनी चष्मा पुसला, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव सावकाश सांगितले, आणि मी लिहिलेली ओळ दोनदा वाचून पाहिली. वडिलांच्या नावातील एक वेलांटी चुकली होती, ती त्यांनी मजकडून दुरुस्त करून घेतली.