नेताजींचा मृत्यू आणि संशयाची मर्यादा

सरकारे खोटे बोलतात, कागद दडवतात आणि प्रसंगी नागरिकांच्या जिवाशी खेळतात, याचे दाखले इतिहासात भरपूर आहेत. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अलाबामातील टस्कीगी भागात उपदंश झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून त्यांच्या रोगाचा प्रवास नोंदवला. पेनिसिलिन मिळू लागल्यावरही त्यांना ते दिले नाही. वॉटरगेट प्रकरणात १९७४ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावे लागले. तेव्हा ‘सरकार असले काही करणार नाही’ हे म्हणणे भाबडेपणाचे ठरते. तत्त्वज्ञानापुढचा प्रश्न मात्र याहून नेमका आहे. सरकारे कट करतात हे मान्य केल्यानंतर, एखाद्या विशिष्ट घटनेमागे विशिष्ट कट होता हे कधी मानावे? सरकारवर विश्वास नसणे एवढा आधार त्याला पुरतो का?

कार्ल पॉपर यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ओपन सोसायटी अँड इट्स एनिमीज’ या ग्रंथात प्रत्येक घटनेमागे कट पाहण्याच्या वृत्तीचे मूळ धर्मश्रद्धेत शोधले. होमरच्या काव्यात ट्रॉयच्या रणांगणावर जे घडते ते ऑलिम्पसवरच्या देवांच्या कारस्थानांमुळे घडते. देवांवरची श्रद्धा ओसरली, पण ‘घडते ते कोणीतरी घडवलेले असते’ ही समजूत उरली. देवांच्या रिकाम्या जागी भांडवलदार, साम्राज्यवादी किंवा एखादा धर्मसमूह येऊन बसला. पॉपर यांच्या मते समाजात घडणाऱ्या बहुतेक गोष्टी कोणाच्याही मनात नसताना, अनेकांच्या कृतींच्या गुंतागुंतीतून घडतात आणि प्रत्यक्ष रचलेले कटही क्वचितच ठरल्याप्रमाणे तडीस जातात.

चार्ल्स पिगडेन यांनी पुढे यावर रास्त आक्षेप घेतला: सर्वच गोष्टी कटातून घडतात असे कोणी म्हणत नाही, आणि काही कट खरेच असतात हे इतिहासाचा विद्यार्थीही जाणतो. ब्रायन कीली यांनी १९९९ साली मांडलेला विचार अधिक उपयोगी आहे. कटाची कल्पना मुळातच अविवेकी नसते. ती टिकवण्यासाठी दिवसेंदिवस अधिकाधिक माणसांवर आणि संस्थांवर अविश्वास ठेवावा लागू लागला, की एका टप्प्यावर कोणत्याच गोष्टीवर विश्वास ठेवायला आधार उरत नाही. अविश्वासाचा हा वाढता खर्च मोजत राहणे हीच चिकित्सकाची कसोटी, असे त्यांच्या युक्तिवादातून निघते.

भारतीय तर्कपरंपरेने हेच काम फार पूर्वी आणि बारकाईने केले आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थांपैकी एक संशय आहे. संशयाखेरीज विचाराला सुरुवात होत नाही, म्हणून त्याला मान आहे. पण त्या यादीत पुढे निर्णयही आहे. चर्चेचे तीन प्रकारही तिथे वेगळे केले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करत राहणे ही वितंडा. सरकारी हकिकतीतल्या त्रुटी दाखवणारा माणूस वाद करतो आहे की वितंडा, हे ओळखायची खूण सोपी आहे. ‘मग नक्की काय झाले?’ या प्रश्नाला तो पुरावा द्यावा लागेल असे उत्तर देतो का, एवढे पाहावे.

नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या मृत्यूचे प्रकरण या कसोट्यांसाठी जणू घडवलेले आहे. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैहोकू, म्हणजे आजच्या तैपेई येथून उडालेले जपानी बॉम्बर विमान लगेच कोसळले आणि त्याने पेट घेतला. गंभीर भाजलेल्या नेताजींचा त्याच रात्री लष्करी रुग्णालयात मृत्यू झाला. जपानी सेनाधिकारी शिदेई त्याच अपघातात ठार झाले, तर नेताजींचे सहकारी कर्नल हबीबुर रहमान बचावले. अस्थी सप्टेंबरमध्ये टोकियोतील रेंकोजी मंदिरात ठेवण्यात आल्या. अधिकृत हकीकत एवढीच आहे.

त्या काळी या हकिकतीवर शंका घेणे पूर्णपणे शहाणपणाचे होते. जानेवारी १९४१ मध्ये नेताजींनी कोलकात्याच्या घरातून, पोलिसांच्या पहाऱ्यातून निसटून पठाणी वेशात काबूल गाठले होते. मार्च १९४२ मध्ये ते विमान अपघातात गेल्याची बातमी रॉयटर्सने दिली, गांधीजींनी त्यांच्या आईला सांत्वनाची तारही केली, आणि बातमी खोटी निघाली. तीन वर्षांनी तीच बातमी पुन्हा आली, तेव्हा लोकांनी ती मानली नाही याचे नवल वाटायला नको. खुद्द गांधीजींनी १९४६ च्या सुरुवातीला नेताजी जिवंत असावेत असे म्हटले होते. त्याच वर्षी ‘हरिजन’मध्ये त्यांनी ही आपली केवळ आतली भावना होती आणि विरुद्ध बाजूच्या भक्कम पुराव्यापुढे ती टिकत नाही, असे लिहून लोकांना ती विसरायला सांगितले. संशय आणि निर्णय यांतले अंतर गांधीजींनी काही महिन्यांत पार केले. देशाला ते पाऊणशे वर्षांतही जमलेले नाही.

ब्रिटिशांनाही शंका होतीच. नेताजी त्यांचे शत्रू होते आणि ते जिवंत असते तर त्यांना शोधणे ही ब्रिटिशांची गरज होती. त्यांच्या गुप्तचर खात्याने चौकशी केली आणि १९४६ साली कर्नल फिगेस यांचा अहवाल मृत्यू झाल्याच्या निष्कर्षावर आला. विरोधकाची अशी साक्ष न्यायाच्या दृष्टीने विशेष वजनदार असते, कारण उलटे निघण्यात त्याचा स्वार्थ असतो. यानंतर भारत सरकारने १९५६ साली शाहनवाज खान समिती नेमली. तिच्या तीन सदस्यांपैकी दोघांनी अपघात मान्य केला; तिसरे, नेताजींचे वडील बंधू सुरेशचंद्र बोस यांनी भिन्न मत नोंदवले. १९७० साली नेमलेल्या न्यायमूर्ती खोसला यांच्या एकसदस्य आयोगानेही १९७४ मध्ये अपघात मान्य केला. तिसरा, न्यायमूर्ती मनोजकुमार मुखर्जी यांचा आयोग (१९९९ ते २००५) मात्र वेगळ्या निष्कर्षावर आला: नेताजी हयात नाहीत, पण ते त्या अपघातात गेले नाहीत आणि रेंकोजीतील अस्थी त्यांच्या नाहीत. सरकारने हा अहवाल फेटाळला आणि फेटाळण्याची समाधानकारक कारणे देण्याची तसदी घेतली नाही. संशयाला खतपाणी घालण्याचे काम सरकारने याहून सराईतपणे क्वचितच केले असेल.

मुखर्जी आयोगाचा एक प्रमुख आधार असा होता की, तैवानच्या अधिकाऱ्यांकडे त्या काळात तिथे असे विमान कोसळल्याची नोंद सापडली नाही. इथे मीमांसकांचा अनुपलब्धीचा विचार आठवणे भाग आहे. जमिनीवर घडा दिसत नाही यावरून घडा नाही हे ज्ञान होते, असे ते मानतात. मात्र अट अशी की घडा असता तर तो दिसलाच असता. उजेड असला पाहिजे, नजर त्या जागेवर गेली पाहिजे. काळोख्या खोलीत घडा न दिसणे हे घडा नसल्याचे प्रमाण नव्हे. ऑगस्ट १९४५ मध्ये तैवान जपानी साम्राज्याचा भाग होता आणि विमान जपानी लष्कराचे होते. चिनी प्रशासनाने बेटाचा ताबा घेतला तो ऑक्टोबरमध्ये. शरणागतीच्या त्या गोंधळात जपानी अधिकाऱ्यांनी कागदांचे ढीग जाळले हेही सर्वज्ञात आहे. पराभूत सेनेच्या अपघाताची नोंद नंतर आलेल्या राजवटीच्या कपाटात सापडली नाही, यातून अपघात झालाच नाही असा निष्कर्ष निघत नाही. दहनाची जी नोंद आयोगासमोर आली ती एका जपानी सैनिकाच्या नावाची होती, ही बाब मात्र खरोखर विचार करायला लावणारी आहे. युद्धकाळात गुप्ततेसाठी नाव बदलले गेले असे एक स्पष्टीकरण आहे आणि ते पटण्याजोगे आहे, इतकेच म्हणता येते.

दुसऱ्या बाजूचे पारडे भरण्यासाठी काय काय मानावे लागते ते पाहावे. हबीबुर रहमान पुढे पाकिस्तानात गेले आणि अखेरपर्यंत आपल्या हकिकतीवर ठाम राहिले. ते खोटे बोलले. अपघातातून वाचलेले जपानी अधिकारी आणि उपचार करणारे डॉक्टर योशिमी हेही खोटे बोलले. जपान सरकारने १९५६ साली आपल्या चौकशीचा अहवाल तयार केला, तोही बनावट. ब्रिटिश गुप्तचर फसले किंवा कटात सामील झाले. नेहरूंपासून पुढच्या प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक पंतप्रधानाने, एकमेकांचे हाडवैर असतानाही, तोंड बंद ठेवले. तर्कशास्त्रातला लाघवाचा नियम असा की, दोन कल्पना तेच काम करत असतील तर कमी गृहीतांची स्वीकारावी. इथे गौरव, म्हणजे गृहीतांचा भार, दर दशकाला वाढत गेला आहे.

आणि त्या कटातून निघते काय, तर परस्परांना छेद देणाऱ्या कथा. एका मते नेताजी सोव्हिएत तुरुंगात मेले. रशियाने आपल्या अभिलेखागारांत तशी माहिती नसल्याचे कळवले आहे. दुसऱ्या मते ते उत्तर बंगालमधील शौलमारी आश्रमात साधू होऊन राहिले. तिसऱ्या मते १९८५ साली फैजाबादेत वारलेले गुमनामी बाबा म्हणजेच नेताजी. बाबांच्या दातांची डीएनए चाचणी जुळली नाही असे मुखर्जी आयोगाने नोंदवले, तर उत्तर प्रदेश सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती विष्णू सहाय आयोगानेही बाबा नेताजी नव्हते असाच निष्कर्ष काढला. या तीनही कथा एकदम खऱ्या असू शकत नाहीत. तरी त्यांचे समर्थक एकमेकांशी फारसे भांडत नाहीत, कारण सगळ्यांचा पूर्वपक्ष एकच आहे. वितंडेची ओळख ती हीच.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या प्रेताविषयी खात्री नव्हती. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य पत्करले नाही. पंधरा वर्षांनी एका तोतयाने भाऊ म्हणून कोकणात बंड उभारले आणि अनेक किल्ले घेतले. १७७६ साली त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकर यांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक त्यावरच बेतले आहे. १८५७ नंतर नाहीसे झालेल्या नानासाहेब पेशव्यांबाबत तेच घडले. १८७४ साली शिंद्यांनी ग्वाल्हेरात नानासाहेब म्हणून पकडून दिलेला माणूस नानासाहेब नव्हता. ज्या नेत्याचे काम अर्धवट राहिले त्याचा अंत अपघाताने किंवा चेंगराचेंगरीत व्हावा, हे मन मान्य करत नाही. तो साधू होऊन कुठेतरी तप करतो आहे ही कथा त्याच्या मृत्यूला न शोभणारा निरर्थकपणा पुसून टाकते. पॉपर यांचे निदान पश्चिमेच्या देवांपुरते होते. इथे देव आकाशात गेलेले नाहीत, ते अज्ञातवासात आहेत.

खरा कट कसा असतो याचा नमुनाही याच काळातला आहे. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. कट दहा दिवस तसाच राहिला आणि ३० जानेवारीला खून झाला. पुढे माफीचा साक्षीदार मिळाला, न्यायालयात शाबिती झाली. दिल्ली आणि मुंबईच्या पोलिसांनी मिळालेले धागे का जोडले नाहीत, याची चौकशी न्यायमूर्ती कपूर आयोगाने केली. मूठभर माणसे, गळके तोंड, चुकलेला पहिला प्रयत्न आणि गलथान पोलीस: सिद्ध झालेले कट बहुधा असेच दिसतात. टस्कीगीही आतल्याच एका माणसाने वृत्तपत्रापर्यंत पोहोचवल्यामुळे उघड झाले.

नेताजींच्या बाबतीत सरकारने काही लपवले होते का? होय. बोस कुटुंबावर १९४८ पासून १९६८ पर्यंत गुप्तचर विभागाची पाळत होती, हे २०१५ साली खुल्या झालेल्या कागदांतून उघडकीला आले. ही पाळत निंद्यच होती. तिच्यावरून सरकारला नेताजी जिवंत असल्याची माहिती होती हे सिद्ध होत नाही. उलट ज्याला ठाऊक असते त्याला वीस वर्षे पत्रे उघडून पाहावी लागत नाहीत. सप्टेंबर २०१५ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने ६४ आणि २३ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने १०० फायली खुल्या केल्या. नेताजी १९४५ नंतर हयात होते असे सिद्ध करणारा कागद त्यांत नव्हता. तेव्हा, खऱ्या फायली आधीच जाळल्या असतील असे म्हटले गेले. पुरावा नसणे हाच पुरावा, ही अवस्था आली की चर्चा संपते आणि श्रद्धा सुरू होते. तिचा आदर करता येईल, पण तिला संशय म्हणता येणार नाही.

एवढे झाले तरी दोष वाटून घ्यावा लागतो. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण आप्ताचा शब्द: जाणणाऱ्याचा आणि जाणलेले जसेच्या तसे सांगू इच्छिणाऱ्याचा. दशकानुदशके फायली कुलपात ठेवणारे, कारण न देता अहवाल फेटाळणारे सरकार आप्त ठरत नाही, आणि मग त्याचा खरा शब्दही कोणी घेत नाही. नेताजींच्या कन्या अनिता बोस फाफ या तैहोकूतील मृत्यू मान्य करतात. अस्थी भारतात आणाव्यात आणि त्यांची डीएनए चाचणी करावी ही त्यांची जुनी मागणी आहे. त्या चाचणीचा निकाल कोणत्याही बाजूने लागो, तो एका आयोगाच्या अहवालापेक्षा अधिक मोलाचा असेल. केंद्र सरकारने ती अजून केलेली नाही.