पंच नसलेला खेळ

जगातल्या बहुतेक खेळांना पंच असतो आणि त्याला शिव्या घालण्याची सोय तिकिटाच्या किमतीतच धरलेली असते. क्रिकेटला दोन पंच मैदानात पुरत नाहीत म्हणून तिसरा आत टीव्हीसमोर बसवतात. गल्लीतल्या विटीदांडूलासुद्धा कुणाचा तरी धाकटा भाऊ पायरीवर बसवलेला असतो. गोल्फचे तसे नाही. साध्या गोल्फमध्ये एवढासा चेंडू, एवढे मोठे माळरान, आणि किती फटक्यांत तो भोकात घातला हे ज्याचे त्याने सांगायचे! म्हणजे कर्जदारानेच उठून ‘माझे व्याज इतके झाले’ म्हणावे आणि बँकेने ‘बरं’ म्हणून लिहून घ्यावे, तसला प्रकार.

गोल्फ म्हणजे बड्या लोकांचा खेळ अशी आपली समजूत, कारण आपल्याकडे तो बहुधा कुंपणाच्या आत आणि आपण बाहेर. पण जिथे तो वाढला त्या स्कॉटलंडात १४५७ साली दुसऱ्या जेम्स राजाच्या पार्लमेंटने त्यावर चक्क बंदी घातली होती. लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडू बडवत होते म्हणून. आता, चार सरदारांच्या करमणुकीवर कुणी कायदा करीत नाही. सेंट अँड्र्यूजचे ते जगप्रसिद्ध जुने मैदान आजही सार्वजनिक आहे. रविवारी तिथे एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री फिरवतात.

माझा भाचा तिकडे ॲबर्डीनला नोकरीला असतो. त्याने मला एका खेड्यातल्या स्वस्त मैदानावर नेले. नऊ भोके, बऱ्याच मेंढ्या आणि पत्र्याची एक खोली. खोलीत चिटपाखरू नाही. भिंतीला एक पेटी आणि शेजारी पाटी : माणशी पंधरा पौंड टाकावेत.

“आणि पावती?” मी विचारले.

“मामा, पावती कोण देणार? मेंढी?”

मी पैसे टाकले, पण जिवाला चैन पडेना. बँकेत आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोन माणसांकडे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची, त्या दोघांना ऑडिटरने तपासायचे आणि वर्षातून एकदा इन्स्पेक्टरने येऊन सगळ्यांना. इतक्या वर्षांत माझ्या हिशेबात एक रुपया कमी पडलेला नाही. पण त्या पेटीपुढे उभे राहिल्यावर प्रथमच वाटले, मी प्रामाणिक आहे, की नुसता तपासलेला आहे?

उत्तर देण्याची संधी चौथ्या भोकापाशी आली. माझा चेंडू पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपात गेला. भाचा लांब, पाठमोरा. मी काठी फिरवली, हुकली. पुन्हा फिरवली, पुन्हा हुकली. चेंडूला लागो न लागो, मारायला म्हणून फिरवली की फटका धरायचा, असा नियम आहे. साक्षीला एक मेंढी होती, पण तिला आकडे येत असतील असे वाटले नाही.

“मामा, किती झाले?”

“नऊ,” मी म्हणालो. नऊच झाले होते.

या खेळात याहून मोठी माणसे होऊन गेली. १९२५ सालच्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सचा चेंडू गवतात जरासा हलला. दुसऱ्या कुणी पाहिले नव्हते. त्याने स्वतःच एक फटका वाढवून घेतला, त्यामुळे बरोबरी झाली, आणि जादा फेरीत तो एकाच फटक्याने हरला. लोकांनी वाहवा केली तेव्हा तो म्हणाला म्हणतात, की मग बँक न लुटल्याबद्दलही माणसाचे कौतुक करा! मी रोज सकाळी दहा ते पाच बँक लुटत नाही. अजून कुणी हार घातलेला नाही.

आता कुणी म्हणेल, ते ‘नऊ’ तुम्ही नाही बोललात, तुमच्या पोटातला इन्स्पेक्टर बोलला. असेल. लहानपणी आम्हांला कमरेला डबा बांधून विहिरीत ढकलत. डबा असेपर्यंत पोहता येते की नाही ते कळत नाही, हे खरे. पण डब्यानेच पोहायला शिकवले, हेही खरे. मात्र कधीतरी कुणीतरी तो सोडावा लागतो. पंधरा पौंड बुडण्याचा धोका पत्करून ते खेडे येणाऱ्या प्रत्येकाचा डबा सोडत होते.

मग बँकेने तिजोरीची एक किल्ली टांगून ठेवावी काय? मुळीच नाही. विश्वास टाकायचा तो स्वतःच्या पैशावर. पेटीतले पंधरा पौंड त्या गावाचे असतात. तिजोरीतले पैसे पेन्शनरांचे आणि भाजीवाल्या बायकांचे. दुसऱ्याच्या पैशावर भोळेपणा करणे हा उदारपणा नव्हे, तीसुद्धा एक प्रकारची अफरातफरच. माझ्यावर दुसरा माणूस बसवला आहे तो माझा अपमान म्हणून नव्हे, तर त्या बायांचा मान म्हणून. हे मला इतक्या वर्षांनी एका मेंढीच्या साक्षीने कळले.

पण काउंटरवरचे ते दोरीने बांधलेले पेन? ते काही ठेवीदारांच्या घामाचे नाही. म्हणून परत आल्यापासून माझ्या खिडकीत मी स्वतःच्या पैशाने पाच रुपयांचे पेन ठेवतो, बिनदोरीचे. महिन्याला चारएक जातात. म्हणजे वीस रुपये खर्च. शिपाई हसतो, म्हणतो, “साहेब, लोक चोर आहेत.” जी पेने जातात ती त्याला बरोबर मोजता येतात. दिवसभरात शंभर वेळा ती उचलली जातात आणि परत ठेवली जातात, त्यांची एंट्री मात्र कुठल्याच खात्यात पडत नाही.