सगळं मुलांचंच आहे!

जाहीर सूचनांचा रकाना या आठवड्यातही भरलेलाच होता. मालक दिवंगत, प्लॉट वादात आणि वारस वकिलामार्फत एकमेकांना हरकती घेताहेत. ओला-सुका कचरा घरोघरी वेगळा करणाऱ्या आपल्या इंदूरला मिळकतीची वाटणी तेवढी जमत नाही. वसीयतीचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर येतं, ‘आमच्याकडे भांडणं नाहीत, सगळं मुलांचंच आहे.’ भांडणं नाहीत, कारण मालक अजून जिवंत आहे! इंदूरचाच इतिहास बघा: तुकोजीराव होळकर ऑगस्ट 1797 मध्ये गेले आणि वारशाचा वाद पेटला. पुढच्याच महिन्यात त्यांचे पुत्र मल्हारराव शिंद्यांच्या फौजेकडून मारले गेले, 1801 मध्ये मल्हाररावांचे भाऊ विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं आणि 1802 मध्ये दुसरे भाऊ यशवंतराव यांनी पेशव्यालाच पळवून लावलं. सरदारकी काही मृत्युपत्रानं वाटता येत नव्हती, हे मान्य. पण ‘मुलं बघून घेतील’चा अर्थ एवढ्यानं कळायला हरकत नाही. आता हत्ती लागत नाही, कोर्टाच्या तारखा पुरतात. शिवाय ‘मुलांचं’ म्हणताना मनात बहुधा मुलगेच असतात, आणि कायद्याला ते मान्य नाही.

मृत्युपत्र न करता मरणाऱ्याला कायद्यात ‘इंटेस्टेट’ म्हणतात. मूळ लॅटिन, आणि त्यात साक्ष ठेवण्याची कल्पना आहे. रोमच्या थोरल्या केटोला आयुष्यात तीनच गोष्टींचा पश्चात्ताप होता आणि त्यांतली एक म्हणजे मृत्युपत्राविना काढलेला एक दिवस, असं प्लुटार्क सांगतो. आपण उभा जन्म तसा काढतो. मग 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्या वतीनं ठरवतो. पुरुषाच्या मागे बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा; वडील वारसांच्या पहिल्या वर्गात नाहीतच. अपत्यहीन विधवेची स्वकमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. सासरनं हाकललेल्या एका विधवेची नोकरीतली पुंजी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला नणंदेच्या मुलांना द्यावी लागली. नॉमिनी नेमलाय म्हणून निर्धास्त असाल, तर शेअरचा नॉमिनी हा मालक नव्हे, असं त्याच न्यायालयानं 2023 मध्ये ‘कालनिर्णय’कार साळगावकरांच्या मिळकतीच्या वादात सांगितलं. त्यांनी मृत्युपत्र केलं होतं, तरी वाद झालाच, असं कुणी म्हणेल. झाला. पण मृत्युपत्र असलं की निदान गेलेल्या माणसाची इच्छा काय होती, हे तरी न्यायालयापुढे येतं. अभद्र वाटतं म्हणणाऱ्यांनी विमाही काढू नये.

साधा कागद, आपली सही, दोन साक्षीदार. मुद्रांक नको, नोंदणीचीही सक्ती नाही. लग्नपत्रिकेत आमंत्रकांची नावं कोणत्या क्रमानं छापायची यावर आठवडा घालवणाऱ्यांनी एक दुपार यालाही द्यावी.