मासा सोडायचाच, तर रॉड कोणता?

स्कॉटलंडच्या नद्यांवर ट्राउट गरवायला साडेसहा-सात फुटी लवचिक स्पिनिंग रॉड, 2500 आकाराचं रील आणि पाच-सहा पौंडांची दोरी पुरते. सॅमनला नऊ-दहा फुटी दणकट रॉड, 4000 चं रील आणि 15 पौंडांच्या आसपासची दोरी लागते. तरीही सॅमनला हलक्या रॉडवर झुंजवण्यात मर्दुमकी मानणारे आहेतच. दोरी बारीक असली की सामना बरोबरीचा होतो, असं ते म्हणतात.

बरोबरीचा कसा? माशाने सामना मागितलेलाच नसतो.

समुद्रातून नदीत परतलेला सॅमन खाणं सोडतो. अंगातल्या चरबीवर महिनोन्महिने काढून त्याला शरद ऋतूत वीण साधायची असते. त्यामुळे चमचमता स्पिनर, म्हणजे गळाचं खोटं आमिष, तो भुकेपोटी धरत नाही. चिडून धरतो की जुन्या सवयीने, यावर वाद आहे. बारीक दोरीवर झुंज लांबली की त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं आणि विणीसाठी राखलेली ताकद खेळात जाते.

‘पण शेवटी सोडून देतोच ना!’ हे उत्तर ठरलेलं. स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेल्या सॅमनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक परत पाण्यात जातात. 2016 पासून, जिथे सॅमनची संख्या फार घटली आहे त्या नद्यांत तो सोडणं सक्तीचंच आहे. जीव वाचला म्हणजे दया झाली, असं आपल्याकडेही सहज म्हटलं जाईल. स्वित्झर्लंडने मात्र 2008 च्या प्राणिसंरक्षण नियमांत उलटा विचार केला. सोडण्याच्या इराद्याने मासा गरवायलाच तिथे बंदी आहे. पोटासाठी मारणं समजू शकतं, करमणुकीसाठी छळणं नाही, अशी ही भूमिका.

छळ म्हणायचा तर माशाला वेदना व्हायला हवी. एडिनबरोजवळच्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या ओठांत सौम्य आम्ल टोचलं. मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले, त्यांचा श्वास वाढला, जवळपास तीन तास त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. हा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रायन की यांच्यासारख्या मेंदूतज्ज्ञांना हे पटत नाही. वेदना जाणवायला लागणारा मेंदूचा थरच माशाला नाही, असं ते म्हणतात. वाद मिटलेला नाही. पण ओठ घासणाऱ्या त्या ट्राउटचं वर्णन वाचल्यावर संशयाचा फायदा गळ टाकणाऱ्याला नव्हे, माशालाच द्यायला हवा.

स्विस नियम तर्काला धरून आहे, तरी तो सगळीकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. विरळ झालेला सॅमन खाण्यासाठी मारा, असं कोण सांगेल? पण सोडायचंच ठरलं असेल, तर हलक्या रॉडचा अभिमान टाकावा लागतो. दणकट रॉड, जाड दोरी, दोरीच्या ताकदीच्या साधारण चौथ्या हिश्शावर बसवलेला रीलचा ड्रॅग (दोरी सुटताना होणारा रोध), उलटा काटा नसलेला एकेरी गळ आणि बिनगाठींचं रबरी जाळं ही सामग्री झुंज लवकर संपवते आणि माशाची इजा कमी करते. गळही त्याला पाण्यातच ठेवून काढावा.

तापमानाचा मुद्दा तर अनेकांच्या लक्षातही येत नाही. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि दमलेला सॅमन सोडल्यावरही मरण्याचा धोका बराच वाढतो. अशा दुपारी रॉड गाडीतच ठेवावा आणि पहाटेच्या गार पाण्याची वाट पाहावी.