स्मरण आणि साक्ष

श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर, शके १२०० च्या सुमारास, म्हाइंभटांनी रिद्धपुरी श्रीनागदेवाचार्यांपासून लीळा मिळविल्या. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्याच्या समक्ष जी लीळा घडली, त्याच्याकडे जाऊन त्यांनी ती पडताळली. आचार्यांच्या स्मरणावर त्यांचा अविश्वास होता काय? मुळीच नाही. परंतु स्मरण प्रेमयुक्त असले, तरी साक्षीवाचून ते लीळा म्हणून लिहावयाचे नाही, हा त्यांचा विवेक होता.

या विवेकाचे मोल मला उशिरा कळले. भर पावसात भिजत आणलेल्या भिक्षेची झोळी पाहून श्रीगुरू प्रसन्न झाले, हा प्रसंग मी निरूपणात स्वतःचा म्हणून अनेक वर्षे सांगत आलो. एकदा निरूपण संपल्यावर एक वृद्ध गुरुबंधू एकांती म्हणाले, “बाबा, त्या दिवशी तुम्ही दारात उभे होता. झोळी दुसऱ्याची होती.” तो दुसरा कोण, हे त्यांनी सांगितले नाही. मला मात्र त्यांचाच भिजलेला चेहरा आठवला.

हेतुपूर्वक असत्य बोललो नव्हतो. मग दोष कोठे? ते स्मरण मला सुखवीत होते, म्हणूनच मी ते कधी तपासले नाही. दोष तेथे आहे. अहंता स्मरणाचा वेष घेऊन येते, तेव्हा ती ओळखू येत नाही.

पुढील निरूपणात त्याच श्रोत्यांसमोर मी चूक सांगितली. साधकाने ज्या आठवणीत आपली स्तुती आहे, तीच प्रथम पडताळावी. दंडवत प्रणाम.